दोन नट

बाजारात त्याला सगळे बॉबिन म्हणत. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याची वीस-बावीस वर्षं गेली होती. अंगानं तो काडीसारखा होता आणि एवढ्याशा दुकानात दिवसभर गरगर फिरत असे, म्हणून कुण्या शिंप्यानं मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळाचं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. गिऱ्हाइकाशी तो कधी चढ्या आवाजात बोलला नाही, शेजाऱ्याशी भांडला नाही. त्याचं पित्त खवळायचं ते एकाच ठिकाणी, सासुरवाडीला.

तिथे दोन जावई होते. हा थोरला. धाकटा म्हणजे त्याचा साडू, टाइल्सच्या एका मोठ्या दुकानात सेल्समन होता. उंच, हसरा, आणि आवाज असा की माणूस फाटकात असतानाच आवाज माजघरात पोचलेला असायचा. सासूबाई एकाला 'थोरले' म्हणायच्या, दुसऱ्याला 'धाकटे'. शब्द दोन्ही साधेच, पण 'धाकटे' म्हणताना त्यांच्या तोंडात साखर असते आणि 'थोरले' म्हणताना नसते, असं बॉबिनला पक्कं वाटायचं.

साडू आला की त्याला खिडकीजवळची वेताची खुर्ची मिळायची, पाठीला उशी मिळायची, आणि सासूबाई समोर बसून त्याला जगाच्या बातम्या विचारायच्या. बॉबिन आला की त्या म्हणायच्या, "आलात? बरं झालं. तो मिक्सर परवापासून घरघर करतोय बघा." त्याचा चहा ओट्यावर गार व्हायचा आणि तो स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून मिक्सर उघडत बसायचा. बाहेरून साडूचं हसणं ऐकू यायचं.

"अहो, आईचा तुमच्यावर भरवसा आहे म्हणून सांगते ती," बायको परतीच्या वाटेवर म्हणायची.

"आणि धाकट्यांवर नाही?"

"त्यांना साधा फ्यूज तरी बदलता येतो का?"

"मग? ज्याला काही येत नाही त्याला खुर्ची, आणि ज्याला येतं त्याला फरशी!"

बायको हसायची. ती हसली की त्याला आणखी लागायचं.

एका रविवारी साडू मोटारीच्या डिकीतून एक चकचकीत केशरी चेनसॉ काढून घेऊन आला. झाडं कापायची, पेट्रोलवर चालणारी. अख्खं घर परसात जमलं. सासऱ्यांना कमी ऐकू यायचं, तेसुद्धा काठी टेकत आले. साडूनं दोरी ओढली, एकदा, दोनदा, आणि मशीन अशी डरकाळली की कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या. त्यानं एक वाळका ओंडका लोण्यासारखा कापून दाखवला.

"अगदी नवी कोरी," तो म्हणाला. "म्हटलं, आई-बाबांच्या परसात एवढी झाडं आहेत. दरवेळी माणूस कशाला शोधायचा?"

"बघा, किती काळजी!" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कुणाला बघायला सांगितलं ते उघड होतं.

बॉबिन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात मिक्सरचं भांडं. त्याची बायको त्याच्याकडे वळून अगदी साधेपणानं म्हणाली, "छान आहे हो मशीन." बस, एवढंच. पण त्या चार शब्दांनी त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षांत तिनं त्याच्या कुठल्या मशीनला 'छान' म्हटलेलं त्याला आठवेना.

त्याच आठवड्यात तो भंगारवाल्याकडे गेला. तसा तो नेहमी जायचा, जुन्या शिलाई मशीनचे सुटे भाग शोधायला. पण या वेळी त्याची नजर पत्र्याच्या ढिगाऱ्याखालून डोकावणाऱ्या एका दातेरी पट्टीवर पडली. त्यानं ओढून काढली. चेनसॉच होती ती, किंवा कधीकाळी होती. वरचं झाकण नव्हतं, ओढायची दोरी तुटलेली, मुठीवर कुणीतरी सुतळी गुंडाळलेली, आणि आत भुसा आणि तेल मिळून काळा लगदा झालेला.

"चालू आहे?" त्यानं विचारलं.

"चालू होती," भंगारवाला म्हणाला.

"कधी?"

"होती तेव्हा."

वजनावर जे होतील ते पैसे देऊन बॉबिननं ती गोणपाटात गुंडाळली आणि मागच्या दारानं दुकानात आणली. बायकोपासून लपवायचं काही कारण नव्हतं, तरी त्यानं लपवली. मनात त्यानं चित्र रंगवलं होतं. सासूबाईंचं परस, साडूच्या हातात त्याची केशरी मशीन, आणि शेजारी आपली, जुनी, पण अशी चालणारी की लोकांनी त्या केशरीकडे पाठ फिरवावी.

रोज दुपारी जेवणानंतर गिऱ्हाईक कमी असे तेव्हा तो गोणपाट सोडायचा. पहिले चार दिवस नुसता मळ काढण्यात गेले. शिलाई मशीनच्या बारीक ब्रशानं त्यानं एकेक खाच खरवडली. मग दोरी बदलली. खरं तर तीन वेळा बदलली, कारण आतली गुंडाळलेली स्प्रिंग दर वेळी सापासारखी उसळून बाहेर यायची आणि एकदा तर तिनं त्याच्या कपाळावर वळ काढला. स्पार्क प्लग नवा घातला. पेट्रोलची नळी कडक होऊन तडकली होती, ती बदलली. तरी मशीन ढिम्म.

"कपाळाला काय झालं?" बायकोनं विचारलं.

"स्प्रिंग लागली."

"शिलाई मशीनची?"

"हं."

मग त्यानं कार्बोरेटर उघडला. आतला रबरी पडदा, जो पेट्रोल ओढून घेतो, तो पापडासारखा ताठ झाला होता. तसला पडदा बाजारात मिळेना. बॉबिननं पातळ रबराचे सात तुकडे कापून पाहिले. एक जाड व्हायचा, एक फाटायचा, एकाचं भोक हुकायचं. आठवा बसला. सर्वांत बारीक नंबरच्या सुईनं त्यानं पेट्रोलचं छिद्र मोकळं केलं, पेट्रोलमध्ये मोजून तेल मिसळलं, मशीन मागच्या अंगणात नेली, चोक ओढला आणि दोरीला हिसका दिला.

सतराव्या हिसक्याला मशीन खोकली. अठराव्याला निळा धूर ओकून भडाडा सुरू झाली. बॉबिनच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं असेल, पण आलं.

आवाजानं बायको दुकानावरच्या घरातून खाली धावत आली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं ऐटीत एक जळाऊ लाकूड विटांवर ठेवलं आणि पट्टी टेकवली. मशीन ओरडत राहिली, लाकडातून धूर येऊ लागला, काळा चट्टा पडला, पण कापण्याचं नाव नाही. त्यानं जोर लावला. आणखी धूर.

"कापताय का भाजताय?" बायको ओरडली.

त्यानं मशीन बंद केली. बायको वाकून पट्टीकडे बघू लागली. ती घरच्या सगळ्या सुऱ्यांना स्वतः धार लावायची. तिनं चेनच्या एका दात्यावर बोट टेकवलं.

"हे दात मागे तोंड करून का आहेत?"

बॉबिन बघतच राहिला. चेन उलटी चढवली होती. दोन नट सोडून पट्टी ढिली करायची, चेन काढायची, फिरवायची, परत बसवायची, दहा मिनिटांचं काम. त्यानं ते मान वर न करता केलं. मग पट्टी लाकडातून आरपार गेली आणि पिवळाधमक भुसा बायकोच्या साडीवर उडाला.

"छान आहे हो," ती म्हणाली.

हेच शब्द त्याला हवे होते. पण आता तो आनंदला नाही. त्याला वाटलं, ही साडूच्या मशीनला म्हणाली तेव्हा सूर वेगळा होता.

त्यानंतर त्यानं ती चेन गोल कानशीनं इतक्या वेळा घासली की दाते वस्तऱ्यासारखे झाले. पट्टी काढणं-बसवणं तर डोळे मिटून जमायला लागलं. ते दोन नट सुटले की इंजिन नुसतं हातात येतं आणि पट्टी आपली एकटी राहते, हे त्याच्या बोटांना पाठ झालं.

पुढच्या महिन्यात दोन दिवस सोसाट्याचा वारा सुटला आणि सासूबाईंच्या परसातली जुनी तुती उन्मळून पडली. तिचं खोड एका बाजूला कुंपणाच्या भिंतीवर आणि दुसऱ्या बाजूला अवजारांच्या खोलीच्या ओट्यावर असं आडवं टेकलं. मधे मोकळं, कमरेइतकं उंच. सासूबाईंनी फोन केला तो अर्थातच धाकट्यांना. बॉबिनला बायकोकडून कळलं.

"आपणही जाऊ रविवारी," ती म्हणाली. "तुमची मशीन घ्या बरोबर."

"मला कुणी बोलावलंय?"

"मी बोलावतेय."

ते पोचले तेव्हा साडूनं अर्ध्या फांद्या साफ केल्या होत्या. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, वेताची खुर्ची सावलीत बाहेर आणून ठेवलेली, तिच्यावर सासरे बसलेले. बॉबिनच्या हातातलं सुतळीच्या मुठीचं यंत्र बघून सासूबाई म्हणाल्या, "हे कुठलं जुनाट काढलंत? राहू द्या हो थोरले, धाकट्यांची आहे ना. त्यापेक्षा आत नळ गळतोय तेवढा बघता का?"

बॉबिननं मशीन भिंतीशी ठेवली आणि मुकाट्यानं नळ बघायला गेला. वॉशर बदलता बदलता त्याच्या मनात जे जे आलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्या केशरी मशीनचं पेट्रोल संपावं. तिची चेन तुटावी. साडूच्या चपलेत भुसा जावा. काहीही व्हावं, पण व्हावं.

आणि झालं. बाहेरची घरघर एकदम दबल्यासारखी झाली आणि थांबली. साडूचा आवाज आला, "अरेच्चा!"

साडूनं आडव्या खोडावर मधोमध वरून पट्टी चालवली होती. दोन टोकांवर टेकलेलं लाकूड मधे कापलं की वाकतं आणि वरची फट मिटते. तशी ती मिटली होती आणि साडूची पट्टी दोन जबड्यांत धरल्यासारखी घट्ट बसली होती. तो ओढत होता, हलवत होता, घामानं निथळत होता. पाचर ठोकून बघितली, ती उडून गेली. सासरे खुर्चीतून "जोरात ओढा" म्हणत होते.

"भाऊ," साडू बॉबिनला म्हणाला, "तुमच्या मशीननं खालून कापून सोडवता येईल का हो?"

सगळे बॉबिनकडे बघू लागले. सासूबाईसुद्धा.

बॉबिननं खोडाकडे पाहिलं. खालून हातभर अंतरावर काप दिला की खोड मोकळं होईल आणि दोन्ही तुकडे खाली येतील. साडूची मशीन त्यातल्या एका तुकड्यात अडकलेली. तिचं इंजिन बाहेर लोंबतंय, आणि त्याच्या बरोब्बर खाली वाफ्याची दगडी कड. तुकडा पडला की इंजिन दगडावर आणि लाकूड इंजिनावर. हे टाळायला काय करायचं तेही त्याला दिसत होतं. दोन नट. दोन नट सोडले की इंजिन हातात. पाना त्याच्या खिशातच होता.

'आधी इंजिन काढून घेऊ,' हे शब्द त्याच्या जिभेवर आले. तेवढ्यात सासूबाई साडूच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "किती दमलात हो. इतकी महागाची मशीन, काही व्हायला नको तिला."

बॉबिननं शब्द गिळले.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. त्यानं दोरी ओढली. त्याची मशीन पहिल्या हिसक्याला सुरू झाली, असं ती आधी कधीच झाली नव्हती. तो वाकला, खालून वर काप घेतला, दोन बोटं लाकूड उरताच मागे सरला. लाकूड कडकडलं आणि दोन्ही तुकडे धाडकन खाली आले.

त्या आवाजात दुसरा एक आवाज होता, प्लास्टिक आणि धातू चिरडल्याचा.

केशरी झाकण दुभंगलं होतं, मूठ तुटून लोंबत होती, पेट्रोल मातीत झिरपत होतं. साडू म्हणाला, "जाऊ द्या. माझीच चूक, वरून कापायला नको होतं. तुम्ही नसता तर दिवसभर ओढत बसलो असतो, भाऊ." आणि त्यानं बॉबिनचा खांदा दाबला.

सासूबाई म्हणाल्या, "थोरल्यांची जुनी मशीन कामाला आली हो शेवटी. बसा, बसा जरा." सासरे उठले आणि वेताची खुर्ची त्याला देऊ लागले.

बॉबिन बसला. गेली कित्येक वर्षं त्या खुर्चीत बसलो तर कसं वाटेल याचा त्यानं विचार केला होता. चहा आला, गरम. त्यानं तो कप तसाच खाली ठेवला. राहिलेली सगळी तुती त्यानं एकट्यानं कापली, साडू शेजारी उभा राहून तुकडे उचलत होता आणि मधूनमधून म्हणत होता, "काय धार लावलीय हो, भाऊ!" प्रत्येक वेळी बॉबिनला ती धार आपल्याच अंगावरून गेल्यासारखी वाटत होती.

तीन दिवसांनी साडू दुकानात आला. पिशवीत मोडकी मशीन होती. नेहमीचा आवाज नव्हता.

"कंपनीत द्या की," बॉबिन म्हणाला. "नवी आहे, वॉरंटी असेल."

"तुम्हीच बघा."

बॉबिननं ती फळीवर ठेवली, झाकणाचे तुकडे बाजूला केले, सायलेन्सर काढून आत टॉर्च मारला. बघता बघता त्याचा हात थांबला. पिस्टनवर उभे ओरखडे होते. आतल्या कोपऱ्यांत जुना काळा मळ, आणि त्यावरून केशरी रंगाचे ओघळ. ही मशीन नवी नव्हती. बरीच वापरून, वरून रंग फवारून, कंपनीचं ताजं स्टिकर चिकटवून विकलेली होती.

त्यानं साडूकडे पाहिलं. साडू भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"घेतानाच माहीत होतं," साडू म्हणाला. "नवी परवडणारी होती का मला? बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तिथे गेलो की मला काहीतरी घेऊन जावंच लागतं, भाऊ. काही नवं, काही मोठं. नाहीतर मी तिथे नुसता बसून बोलणारा माणूस. तुम्ही आलात की घरातल्या वस्तू दुरुस्त होतात. बाबा एकदा मला म्हणाले होते, थोरले आहेत म्हणून घर चालतंय. मला आठवडाभर जेवण गेलं नव्हतं."

बॉबिनला सासऱ्यांचं हे वाक्य पहिल्यांदाच कळत होतं. त्याच्याशी बोलताना सासरे फार तर हवापाण्याचं बोलायचे. खरं तर आता त्याला बरं वाटायला हवं होतं. पण फळीवरचं तुटलेलं हॅन्डल त्याच्याकडे बघत होतं.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "हे दोन नट बघा. हे सोडले असते तर इंजिन आधीच हातात आलं असतं. काही मोडलं नसतं."

"मग त्या वेळी आठवलं नाही का?"

"आठवलं होतं. पाना खिशात होता."

साडूला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो स्टुलावर बसला. बाहेर कुणी गिऱ्हाईक येऊन डोकावलं आणि दोघांचे चेहरे बघून परत गेलं.

"का?" साडूनं विचारलं.

बॉबिनला वाटलं, सांगायला ढीगभर आहे. पण तोंड उघडल्यावर निघालं ते असं, "तुम्हाला खुर्ची मिळते."

"कसली खुर्ची?"

"वेताची. खिडकीजवळची."

"त्या खुर्चीचा मागचा पाय हलतो," साडू जरा चढ्या आवाजात म्हणाला. "दर वेळी जीव मुठीत धरून बसतो मी तिच्यात! त्या खुर्चीपायी तुम्ही माझी मशीन..." तो बोलता बोलता थांबला, उठला, दारापर्यंत गेला. बॉबिनला वाटलं, आता हा पुन्हा तोंड बघायचा नाही. साडू दारातूनच म्हणाला, "मूठ जोडून द्या. पिस्टनचंही बघा. आणि पैसे देणार नाही मी."

"मागितले कोणी?"

"आणि पहिल्या हिसक्याला सुरू झाली पाहिजे. तुमची झाली तशी." एवढं बोलून तो गेला. निरोपाला हात केला नाही.

बॉबिननं त्या मशीनवर स्वतःच्या मशीनपेक्षा जास्त दिवस घालवले. मुठीसाठी लाकूड घासलं, झाकण आतून पत्रा लावून जोडलं, पिस्टन बारीक काचकागदानं गुळगुळीत केला. बायको कितीदा येऊन बघून गेली. तिनं काही विचारलं नाही, पण ही मशीन कुणाची ते तिला रंगावरून कळत होतंच. मशीन न्यायला साडू आला, दोरी ओढून बघितली, मान हलवली आणि चहा न घेता निघून गेला.

पुढे महिना-दीड महिन्यानं सगळे पुन्हा सासुरवाडीला जमले. साडूनं परसात मशीन सुरू करून दाखवली. सासूबाईंचा चेहरा फुलला.

"बघा, कंपनीनं कशी झटपट करून दिली! धाकटे म्हणालेच होते, कंपनीत टाकलीय म्हणून. चांगल्या ठिकाणची वस्तू घेतली की असं असतं."

पंधरा दिवस, कागदानं घासून घासून सोललेली बोटं, आणि श्रेय कंपनीला! बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे म्हणत होते, बोला की. त्यानं साडूकडे पाहिलं. साडूचे कान लाल झाले होते. एका वाक्यात त्याला मातीत घालता आलं असतं. पिस्टन, रंग, स्टिकर, सगळंच.

"हो," बॉबिन म्हणाला, "कंपनी चांगली आहे."

साडूनं मशीन बंद केली.

"कंपनी नाही, आई," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. ही भाऊंनी दुरुस्त केली. पंधरा दिवस खपत होते."

सासूबाई आधी एकाकडे आणि मग दुसऱ्याकडे बघत राहिल्या. आता, बॉबिनला वाटलं, आता तरी.

सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुढे होऊन साडूच्या गालावरून हात फिरवला.

"किती मोठं मन हो तुमचं, धाकटे! कुणी असतं तर सांगितलं असतं का असं? सगळं श्रेय दुसऱ्याला देऊन मोकळे!" मग त्या बॉबिनकडे वळल्या. "शिका हो जरा यांच्याकडून, थोरले."

बॉबिनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. पण सासूबाईंच्या खांद्यावरून साडू त्याच्याकडे असा हताश चेहरा करून बघत होता की त्याला हसू आवरेना. तो हसला, साडूही हसू लागला, आणि काय झालं हे न कळता सासरेही खुर्चीत बसून हसायला लागले.